एलोइसाचा सत्कार

"पांढरी नको," देवस्थळी म्हणाले. "पांढरी शाल फोटोत उठून दिसत नाही. मरून घ्या."

"मरून मागच्या वर्षी डॉक्टर रेड्डींना दिली," हंसाबेन म्हणाल्या.

"मग? रेड्डी काय तक्रार करणार आहेत?"

सगळे हसले. मीही हसले. आम्ही सहाजण मंदिराच्या मागच्या खोलीत बसलो होतो. मंदिर म्हणजे पूर्वीचं फर्निचरचं दुकान. त्याच्या रस्त्याकडच्या मोठ्या काचांना आम्ही केशरी पडदे लावले होते, आणि देव जिथे बसवले होते तिथे एके काळी सोफे मांडलेले असायचे. शालीवर पाऊण तास गेला. शेवटी माझ्याच कपाटातली मोतिया रंगाची, बारीक काठाची एक शाल ठरली. भावाने आणलेली, घडीही न मोडलेली.

सत्कार एलोइसाचा होता आणि सुचवला होता मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे पुष्कळांनी माझी समजूत घातली की निर्णय कमिटीचा होता, एकट्या माझा दोष नाही. कमिटीने शालीचा रंग ठरवला. बाकी सगळं माझं होतं.

ही गोष्ट एप्रिल १९९६ची. मी तेव्हा पंचावन्न वर्षांची होते, आता त्र्याऐंशी सुरू आहे. आमचं गाव इलिनॉयमध्ये, मक्याच्या शेतांच्या मधोमध. गावात ट्रॅक्टरचा कारखाना होता, तिथे हे नोकरीला. आणि गावाबाहेर डुकरं कापण्याचा मोठा कारखाना होता. त्याला सगळे नुसतं प्लँट म्हणायचे. दक्षिणेचा वारा सुटला की खिडक्या लावून घ्याव्या लागत. प्लँटमध्ये काम करणारी बहुतेक माणसं मेक्सिको, ग्वातेमालाहून आलेली. आम्ही पंचवीस वर्षं त्याच गावात राहत होतो, पण त्यांच्यातल्या एकाचंही नाव आम्हाला माहीत नव्हतं.

गावातल्या कॅथलिक चर्चच्या नन सिस्टर लोरेटा मंदिरात आल्या त्याच्या दोन वर्षं आधी. उंच, हडकुळ्या, केस आखूड कापलेले. बूट दाराशी काढून, मोज्यांवर आत आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे मोठी पातेली आहेत, असं ऐकलं."

"आहेत की," मी म्हटलं. "किती मोठं हवं?"

"चाळीस मुलांचं."

प्लँटची दुसरी पाळी दुपारी तीनला सुरू व्हायची आणि मध्यरात्री सुटायची. मुलं शाळेतून घरी येत तेव्हा घरात कोणी नसे. म्हणून सिस्टरांनी चर्चचं तळघर उघडलं होतं. मुलांनी यायचं, अभ्यास करायचा, गरम जेवायचं. सोमवार-मंगळवार त्यांच्या चर्चच्या बायका बघत, गुरुवार-शुक्रवार गावातल्या लुथरन चर्चने उचलले होते. बुधवार रिकामा होता.

"बुधवार आमचा," मी तिथल्या तिथे सांगितलं.

"आमचे दोनच नियम आहेत," सिस्टर म्हणाल्या. "मुलांची फक्त पहिली नावं घ्यायची. आणि फोटो काढायचे नाहीत."

"का हो?" देवस्थळींनी विचारलं. ते मंदिराचे अध्यक्ष. कुठल्याही कार्यक्रमाला गळ्यात कॅमेरा अडकवून यायचे.

"आमची पद्धत आहे," सिस्टर म्हणाल्या.

आम्ही पुढे विचारलं नाही. प्रत्येक ठिकाणची पद्धत असते. आमच्याकडे चपला बाहेर काढतात, गुरुद्वारात डोकं झाकतात, यांच्या तळघरात फोटो काढत नाहीत. बाईंनी बूट काढून आमची पद्धत पाळली, आपण त्यांची पाळू. मी ते इतकंच समजले, आणि दोन वर्षं अगदी मनापासून पाळलं. एकदा देवस्थळी कॅमेरा घेऊन आले तर मी त्यांना जिन्यावरूनच परत पाठवलं होतं.

पहिल्या वर्षी आमचं जेवण मुलांनी खाल्लंच नाही. आम्ही मुगाची खिचडी करायचो. मऊ, वर तूप. मुलं ताटात चमच्याने रेघोट्या ओढत बसायची. मग दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात एका बुधवारी एक बाई मुलीला सोडायला आली आणि पातेल्याशी उभी राहून आत बघू लागली. ठेंगणी, रुंद खांद्यांची, उजव्या मनगटाला पट्टा. ती मुलीला काहीतरी म्हणाली.

मुलगी मला म्हणाली, "आई विचारते, कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. का गं?"

तिने आईला सांगितलं, उत्तर ऐकलं. "आई म्हणते, मग असं का शिजवलंय?"

हंसाबेन इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. "शैलजाबेन, बाई बरोब्बर बोलली. हे तापवाल्याचंच खाणं."

ती एलोइसा आणि ती तिची मुलगी यारेली, दहा वर्षांची. गावोगावच्या अशाच प्लँटांमध्ये वर्षानुवर्षं सुरी चालवून चालवून एलोइसाचं मनगट कायमचं सुजलं होतं. म्हणून इथे तिला पहाटेची साफसफाई दिली होती, पगार कमी आणि संध्याकाळ मोकळी. पुढच्या बुधवारी ती आपण होऊन आली, पदर खोचावा तसा तिने टॉवेल कमरेला खोचला आणि माझ्या हातातला डाव काढून घेतला. तिने राजमा शिजवला. जिरं आमच्यासारखंच, मिरच्या मात्र वाळवलेल्या, काळपट, आधी तव्यावर भाजलेल्या. मी पोळ्या लाटल्या. चाळीस ताटं चाटूनपुसून परत आली.

तिला इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश येत नव्हतं. मध्ये यारेली. ती ओट्याच्या टोकाला वह्या मांडून बसायची आणि मान वर न करता आमचं बोलणं इकडून तिकडे पोचवायची.

"आई विचारते, तुम्हाला मुलं किती?"

"दोन मुलगे. दोघंही लांब असतात."

"आई म्हणते, मग तुम्ही बुधवारी इतक्या पोळ्या करता ते बरोबर आहे."

मला यारेली मिसेस के म्हणायची, खांबेटे तिला झेपत नसे. अक्षर मात्र असं की बघत राहावं. एकदा मी तसं म्हटलं तर म्हणाली, "चार वर्षांत ही माझी पाचवी शाळा. प्रत्येक शाळेत नवीन वही मिळते. नवीन वहीत अक्षर चांगलं येतं."

"इथली शाळा आवडते का?"

"इथे मिसेस होल्ट आहेत. त्या जूनमध्ये सर्टिफिकेट देतात. पाचवी पूर्ण केल्याचं. मी अजून कुठलंच वर्ष पूर्ण केलेलं नाही. मध्येच निघतो आम्ही." मग पेन्सिल चावत म्हणाली, "आई म्हणते, आता हलायचं नाही."

असं सहा-सात महिने चाललं. मंदिराचा वर्धापनदिन आला तेव्हा माझ्या मनात दुसरं नाव आलंच नाही. आपल्याकडे कोणी चांगलं काम केलं की त्याला चारचौघांत उभं करायचं, शाल पांघरायची, हातात नारळ द्यायचा. नाव पूर्ण घ्यायचं, गाव सांगायचं. आणि फोटो. फोटोशिवाय सत्कार म्हणजे काय? सिस्टरांचा नियम मला आठवला नाही असं नाही. आठवला. पण तो त्यांच्या तळघरातला होता, आणि कार्यक्रम आमच्या मंदिरात.

सन्मानपत्रासाठी पूर्ण नाव हवं होतं. बुधवारी एलोइसा मागे भांडी विसळत असताना मी यारेलीपुढे कागद सरकवला.

"आईचं पूर्ण नाव लिही. आणि तिच्या गावाचं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "खरं?"

"मग काय खोटं लिहायचं? सन्मानपत्र आहे ते. पण आईला सांगू नकोस हं. तिला ऐनवेळी कळू दे."

ती थोडा वेळ पेन्सिल हातात धरून बसली. मग तिने लिहिलं, हळूहळू, एकेक अक्षर वळवून. एलोइसा तेपोश मोरान. खाली गावाचं नाव, मेक्सिकोतल्या पुएब्ला प्रांतातलं. लिहून झाल्यावर तिने कागद लांब धरून पाहिला, मग माझ्याकडे दिला.

रविवारी एलोइसा निळा झगा घालून आली. तिला वाटलं होतं, मोठा स्वयंपाक आहे म्हणून बोलावलं. ती सरळ मागे स्वयंपाकघराकडे निघाली. मी तिचा हात धरून पहिल्या रांगेत बसवलं. सिस्टर लोरेटांना आमंत्रण होतं, पण त्यांना दुसऱ्या गावच्या प्रार्थनेला जायचं होतं. दीडशे माणूस जमलं होतं. देवस्थळींनी गावातल्या वर्तमानपत्राला फोन केला होता, त्यांची एक तरुण मुलगी कॅमेरा आणि वही घेऊन आली होती.

देवस्थळी माइकवर चांगलं बोलायचे. त्यांनी सगळं सांगितलं, बुधवार, राजमा, खिचडीचा किस्सासुद्धा. लोक हसले. मग म्हणाले, "दिवसभर प्लँटमध्ये राबून जी माऊली आपल्या मुलांबरोबर दुसऱ्यांच्या मुलांनाही जेवू घालते, अशा श्रीमती एलोइसा तेपोश मोरान यांना मी विनंती करतो..."

आपलं नाव ऐकून एलोइसा उठली नाही. तिने यारेलीकडे पाहिलं. यारेली समोर बघत होती, मान ताठ. मीच एलोइसाला हात देऊन वर नेलं. शाल पांघरली. नारळ दिला. टाळ्या सुरू झाल्या. ती खाली बघत होती, इतकी खाली की हनुवटी शालीत रुतली होती. मला वाटलं, लाजली. आमच्याकडच्या बायकाही अशाच लाजतात.

"चेहरा दिसत नाहीये," वर्तमानपत्रवाली म्हणाली.

मी एलोइसाच्या हनुवटीखाली दोन बोटं ठेवली आणि तिचा चेहरा वर केला. नव्या नवरीचा करतात तसा. "इकडे बघ," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. तिने बघितलं. दिवा चमकला.

मंगळवारी फोटो छापून आला. आतल्या पहिल्याच पानावर, चांगला वीतभर. आमच्या गावातल्या मंदिराचं नाव वर्तमानपत्रात पहिल्यांदाच आलं होतं. देवस्थळींनी बारा अंक विकत घेतले आणि एक मंदिराच्या फलकावर लावला. मी दोन अंक घेतले. एक एलोइसासाठी पाकिटात घातला, एक सिस्टरांसाठी.

बुधवारी मी तळघरात पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. पातेलं गॅसवर चढवलं. एलोइसाची वाट बघत कांदे चिरत राहिले. चार वाजले. एरवी या वेळेला खुर्च्या ओढल्याचा इतका आवाज असे की डोकं उठे. त्या दिवशी मी वळून पाहिलं तर अकरा मुलं होती.

सिस्टर लोरेटा जिना उतरून आल्या. गॅस बारीक केला.

"बाकीची मुलं?" मी विचारलं. "शाळेला सुट्टी आहे का?"

"नाही. शैलजा, तुम्ही पेपर पाहिला ना?"

"पाहिला. तुमच्यासाठी अंक आणलाय." मी पर्स उघडायला लागले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. मग मुलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "प्लँटमध्ये एलोइसा नावाची कोणी बाई कामाला नाही."

"म्हणजे?"

"प्लँटमध्ये ती आल्मा आहे. आल्मा ओर्तेगा. गेल्या उन्हाळ्यापासून. एलोइसाकडे इथे काम करण्याचे कागद नाहीत. ज्या बाईकडे होते तिचे तिने वापरले. तिथले अर्धे लोक असेच आहेत. काल फोरमनने तिच्यासमोर पेपर ठेवला आणि विचारलं, ही तुझी जुळी बहीण का."

मी पिठाच्या डब्यावर बसले.

"ती तिथून निघाली ती परत गेलेली नाही. आता तिथे चौकशी होईल. इमिग्रेशनचे लोक येतील, न येतील. पण थांबून बघण्यासारखी गोष्ट नाही ती. बाकीच्या घरांनाही वाटतंय की आता आपले फोटो येणार. म्हणून मुलं नाहीत."

"तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

"सांगितलं होतं. फोटो नाही, आडनाव नाही."

"मला वाटलं, ती तुमची पद्धत आहे. धर्माची."

त्यांनी ओट्यावरचं झाकण उचलून पातेल्यावर ठेवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नीट सांगायला मलाही भीती वाटली," त्या म्हणाल्या. "दीडशे लोकांचं मंदिर. कोण कोणाशी काय बोलेल." मग खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. "हा तिचा पत्ता आहे. मी कोणाला देत नाही. तिने तुम्हाला बोलावलंय. एकट्याच जा."

धान्याच्या कोठारांपलीकडे, रेल्वेच्या रुळांच्या कडेला चाकांवरच्या घरांची वस्ती होती. अजून लख्ख ऊन होतं. यारेलीने दार उघडलं. आत काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या. तिचे वडील, रामिरो, पलंगाचे बोल्ट सोडवत होते. त्यांनी मान हलवली आणि पाना घेऊन आतल्या खोलीत गेले. एलोइसाने मला एकुलत्या एका उरलेल्या खुर्चीवर बसवलं आणि एकुलत्या एका उरलेल्या कपात कॉफी दिली, दालचिनी घातलेली.

गाडीत मी वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "माझं चुकलं," मी म्हटलं. "आईला सांग, माझं चुकलं. मला माहीत नव्हतं."

यारेलीने सांगितलं. एलोइसा भिंतीला टेकून उभी होती. ती थोडक्यात बोलली.

"आई म्हणते, तुम्हाला माहीत नव्हतं," यारेली म्हणाली. मग आईकडे न बघता, स्वतःचंच बोलली. "मला माहीत होतं."

"काय?"

"मी विचारलं होतं तुम्हाला, खरं का म्हणून. मी आल्मा लिहू शकले असते."

"मग का नाही लिहिलंस, बाळा?"

"मला ते माइकवर ऐकायचं होतं. आईचं नाव. कोणी कधी मोठ्याने म्हणत नाही."

एलोइसाने विचारलं, काय चाललंय. यारेलीने काय सांगितलं कोण जाणे, पण एलोइसाने जवळ येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून माझ्याशी बोलायला लागली. बराच वेळ बोलली. यारेली ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. आई थांबली तरी ती भाषांतर करेना. एलोइसाने तिच्या डोक्यावरचा हात किंचित दाबला.

"आई म्हणते," यारेली जमिनीकडे बघत म्हणाली, "आम्ही काकांकडे चाललोय. दुसऱ्या राज्यात. तिथे एका खोलीत नऊजण आहेत. काम मिळेपर्यंत कदाचित गाडीत राहावं लागेल. शाळा नसेल." ती थांबली. "आई म्हणते, जूनपर्यंत सहाच आठवडे आहेत. आई विचारते, मी तुमच्याकडे राहू शकते का. मी खूप खात नाही. हे मी म्हणत नाही, आई म्हणते. चर्चमधली सगळी घरं प्लँटवाल्यांची आहेत, तिथे लोक विचारतील. तुमच्याकडे कोणी विचारणार नाही. जूनमध्ये बाबा येऊन घेऊन जातील."

दोघी माझ्याकडे बघत होत्या.

आमच्या घरात चार खोल्या होत्या. त्यातल्या दोन मुलांच्या, वर्षातून आठ दिवस उघडणाऱ्या. मी ते सगळं त्या क्षणी पाहिलं. आणि त्याच क्षणी मला दारात पोलिसांची गाडी दिसली. ह्यांची नोकरी दिसली, शेजारचे मिस्टर डॉइल दिसले, ही कोण म्हणून विचारणारे. पंचवीस वर्षं आम्ही या देशात एकही सिग्नल मोडला नव्हता.

"मी घरी विचारून सांगते," मी म्हटलं. "यांना विचारते आणि उद्या कळवते. म्हणजे, माझी काहीच हरकत नाही, पण यांच्या कानावर घालायला हवं. उद्या नक्की सांगते."

आमच्यात असं बोलायची रीत आहे. ह्यांनी जन्मात मला कशाला नाही म्हटलेलं नाही, आणि बुधवारच्या चाळीस पोळ्यांपासून घराच्या रंगापर्यंत मी त्यांना कधी विचारलेलंही नाही. पण मोठं काही समोर आलं की आम्ही बायका हेच म्हणतो. त्याच्यामागे उभं राहता येतं.

यारेलीने सगळं नीट ऐकलं. मग आईकडे वळून एकच शब्द म्हणाली.

"नो."

इतकं स्पॅनिश मलाही येत होतं. "नाही नाही," मी घाईने म्हटलं, "मी नाही म्हटलेलं नाही. उद्या म्हटलंय. नीट सांग तिला."

"सांगितलं," यारेली म्हणाली.

एलोइसाने मान डोलवली. तिने माझा रिकामा कप घेतला, विसळला, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. दारापर्यंत मला सोडायला आली. माझे दोन्ही हात हातात घेतले. तिचं ते सुजलेलं मनगट गरम होतं.

घरी आले तेव्हा हे गॅरेजमध्ये गवत कापायचं यंत्र उघडून बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी हातातला स्पॅनर खाली ठेवला.

"मग कुठे आहे ती?"

"कोण?"

"अगं, ती मुलगी. आणायचीस ना बरोबर."

"तुम्हाला विचारल्याशिवाय कशी आणू?"

"तू मला विचारून काय केलंस आजपर्यंत?" ते म्हणाले. चेष्टेने म्हणाले नाहीत. मग चिंधीला हात पुसत उठले. "चल, जाऊन आणू."

"आत्ता नको. त्यांना सामान आवरू दे. खोलीसुद्धा तयार नाही. सकाळी जाऊ."

हे मी दुसऱ्यांदा टाळलं. फोटोचं मला सगळे माफ करतात, हे टाळणं मी कोणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळभर मी धाकट्याची खोली आवरली. नवी चादर घातली. त्याचं टेबल खिडकीशी सरकवलं, म्हणजे उजेड डावीकडून येईल. दिव्याचा बल्ब बदलला. सकाळी सातला आम्ही दोघं निघालो. मी शिरा करून डब्यात घेतला होता. ह्यांनी वाटेत विचारलं, "तिला काय म्हणायचं? यारेलीच ना?" आणि दोन-तीनदा म्हणून पाहिलं, नीट यावं म्हणून.

दार उघडंच होतं. आत काही नव्हतं. फरशी पुसलेली होती. ज्या घरातून पळून जायचं त्या घराची फरशी पुसून गेली होती एलोइसा. शेजारची बाई बाहेर आली. तिने आधी आमची गाडी बघितली, मग मला ओळखलं आणि चार बोटं दाखवली. पहाटे चारला.

सिस्टर लोरेटांकडे त्या काकांचा पत्ता नव्हता. कोणाकडेच नव्हता, नसावा हीच पद्धत होती.

त्या दुपारी मी शाळेत गेले. मिसेस होल्ट साठीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी मला वर्गातल्या लहान खुर्चीवर बसवलं.

"तुम्ही तिच्या कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. बुधवारी जेवायला यायची."

"काळजी करू नका," त्या म्हणाल्या. "मूल नव्या शाळेत गेलं की ती शाळा आमच्याकडून तिचे कागद मागवते. गुण, लसी, सगळं. आठवडा-दोन आठवड्यांत पत्र येईल. पत्र आलं की कुठे आहे ते कळेल."

मी दोन आठवड्यांनी गेले. जूनमध्ये गेले. सप्टेंबरमध्ये नवी शाळा सुरू झाली असेल म्हणून गेले. मग दर महिन्याला फोन करायला लागले. ऑफिसातली बाई माझा आवाज ओळखायची, "अजून नाही, मिसेस के," म्हणायची. मिसेस होल्ट निवृत्त झाल्या त्या वर्षी त्यांनी मला बोलावून यारेलीचं पाकीट दाखवलं. आत लसींचं कार्ड, चार शाळांचे दाखले, आणि जूनमध्ये न दिलेलं, पण नाव घातलेलं सर्टिफिकेट. मी ते मागितलं. त्या म्हणाल्या, पाकिटातलं काही काढता येत नाही, कोणी कागद मागवलेच तर.

बुधवार चालू राहिला. मुलं परत यायला नाताळ उजाडला. पुढची सतरा वर्षं मी पोळ्या लाटल्या, आणि ज्या मुलाने आपलं जे नाव सांगितलं त्याच नावाने त्याला हाक मारली.

यारेलीचे कागद कुठल्याच शाळेने कधी मागवले नाहीत. याचे अर्थ दोनच होतात. एक, ती पुन्हा शाळेत गेलीच नाही. दुसरा, गेली, पण यारेली म्हणून नाही. कोणीतरी तिला शहाणपणाने दुसरं नाव दिलं, आणि त्या नावाने तिने एखाद्या शाळेत जून बघितला. हे शेवटपर्यंत पहिलंच खरं मानत होते, बोलत नव्हते इतकंच. मी दुसरं धरून चालते. आता ती अडतीस वर्षांची असेल. एखाद्या गावात, एखाद्या दारावर, त्या नावाची पाटी असेल. ते नाव मला माहीत नाही. मला माहीत नाही, हे बरं आहे.